उलव्याच्या वाडीचं पाणी

रविवारी सकाळी वामन खिल्लारे रावसाहेबांच्या पनवेलच्या खोलीत आले. पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"साहेब, चाखून बघा."

रावसाहेबांनी नुसता वास घेतला. कमळाकरने मात्र घोट घेतला आणि खिडकीबाहेर थुंकला.

"खाडीचं पाणी कशाला आणलंस, वामन?"

"खाडीचं न्हाई. आपल्या उलव्याच्या विहिरीचं हाय."

कमळाकरचा चेहरा उतरला.

रावसाहेब भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता खासगी तपासाची कामं घेत. कोर्टात टंकलेखक असलेला कमळाकर सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर फिरे. वामन त्याच्याच चाळीतले, कारखान्यात कामाला. मागच्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात, नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यातल्या गावी त्यांचं घर जाळलं गेलं. तेव्हापासून बायको गोजरा, तीन मुलं आणि म्हातारी आई एका खोलीत राहत होती. गोजराला भाजीपाला पिकवता येत होता. हवी होती परवडेल अशी लहानशी वाडी.

ती कमळाकरनेच शोधून दिली. उलव्याच्या गावठाणाला लागून, जाईबाई नावाच्या विधवेची वीस गुंठे. नव्या शहरासाठी सरकार आजूबाजूची जमीन घेत होतं, पण हा तुकडा वगळलाय असं तिचा पुतण्या पोपट सांगे. कमळाकरने सातबारा पाहिला होता. स्वच्छ. शुक्रवारी खरेदीखत व्हायचं होतं, आणि बुधवारी गोड्या पाण्याची विहीर खारट झाली. खरेदी थांबली.

"गोजरा म्हणती..." वामन अडखळले. "गावाकडं आमाला विहिरीवर चढू देत नव्हते. इथं आमी येणार म्हणून विहीरच नासवली."

रावसाहेबांनी चपला पायात घातल्या.

दुपारी गोजरालाही बरोबर घेऊन चौघं उलव्याला पोचली. गोजरा जाईबाईच्या दाराशी गेलीच नाही. बांधावरच्या आंब्याखाली पाठ फिरवून बसली.

रावसाहेब विहिरीत उतरले. तिसऱ्या पायरीच्या खाचेत मिठाचे जाड खडे होते आणि त्यात गोणपाटाचा धागा अडकला होता.

"भरतीचं पाणी झिरपलं असेल," कमळाकर वरून म्हणाला.

"भरतीबरोबर गोणपाट येत नाही, कमळाकर."

मग ते वाडीच्या चारी कोपऱ्यांवर फिरले. प्रत्येक कोपऱ्यात, बांधाच्या मातीत, वीतभर खोल चौकोनी भोक होतं.

"खेकड्यांची बिळं," कमळाकर म्हणाला. रावसाहेबांनी भोकाच्या कडांवरून बोट फिरवलं.

याच विहिरीवर शेजारच्या सितारामचाही हक्क होता. तो करपलेल्या मिरच्या उपटत होता.

"वाडी मनाच पायजे होती. जाईबाई देत नाय," त्याने सरळ सांगितलं. "पन पानी मी कशाला नासवू? बुधवारी पाजलं, नि दोन दिसांत पानं जललीं."

पोपट मिठागरावर मुकादम होता. प्रश्न विचारायच्या आधीच तो उसळला.

"मीठ आमच्याकडं ढिगानं हाय, म्हनून चोर मीच काय? कालजी करू नका. उपसलं की पानी गोड होईल. पायजे तर भाव कमी करतो. पन खरेदी ह्याच आठवड्यात करा."

जाईबाई ओटीवर बसली होती. तिने रावसाहेबांना आणि कमळाकरला पाणी दिलं. उन्हातून आलेला कमळाकर दोन तांबे प्याला.

"गोड आहे हो!"

मागच्या पडवीत रांजण, हंडे, कळश्या पाण्याने भरून ओळीने मांडलेल्या होत्या, दोन-तीन रिकाम्या झालेल्या. भात उकडायचं मोठं घंगाळही भरून वर फळी ठेवलेली. पलीकडे वांग्याचा वाफा हिरवागार होता.

"त्या बायला पोरं किती?" जाईबाईने विचारलं.

"तीन. आणि सासू आहे."

तिने मान खाली घातली.

रावसाहेबांनी सगळ्यांना ओटीसमोर बोलावलं. गोजराही उठून आली, पण अंगणातच उभी राहिली.

"गोणीतलं मीठ कोणीतरी आणून टाकलं," रावसाहेब म्हणाले. "सितारामने नाही. टाकलं असतं, तर तेच पाणी त्याने आपल्या मिरच्यांना पाजलं नसतं. पोपटनेही नाही. तो भाव उतरवून विकायला बघतोय."

"मग कोणी?" वामननी विचारलं.

"पाणी नासणार हे ज्याला आधी ठाऊक होतं, त्याने. मिरच्या करपल्या, पण त्याच विहिरीवरची वांगी हिरवी राहिली. गोड पाणी भरायला घरात एकही भांडं शिल्लक ठेवलेलं नाही." ते वळले. "जाईबाई, हे सगळं तुम्ही मंगळवारीच भरून ठेवलंत ना?"

जाईबाईने पडवीतल्या रांजणांकडे पाहिलं.

"पण का?" कमळाकर म्हणाला. "वाडी तर त्यांचीच!"

"ती बिळं खेकड्यांची नाहीत. खेकडा चौकोनी बीळ करत नाही. संपादनासाठी ठोकलेल्या मोजणीच्या खुंट्या होत्या तिथे, कोणीतरी उपटल्यात. पोपट, संपादनाची नोटीस कुठंय?"

पोपटने इकडेतिकडे पाहिलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "सरकार पैसं कदी देनार, किती देनार... त्याच्या आदी विकली असती, येवरंच."

"आणि वर्षभरात यांना घर सोडावं लागलं असतं. पुंजी गेलेली."

कमळाकर पायरीवर बसला. "सातबारा मीच वाचला. मीच सांगितलं, बिनघोर घ्या."

"तू कागद वाचलास," रावसाहेब हळू आवाजात म्हणाले. "बांध नाही पाहिलास. पाहायला मला बोलावलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही."

जाईबाई उठली.

"पोपट बोलला, नोटिशीचं नाव काडशील तर म्हातारपनी तुला कोन बगनार? मना तोंड उघडाया जमलं नाय. सुकटीसाठी ठेवलेल्या मिठाच्या दोन गोनी होत्या, त्या टोपलीनं नेऊन टाकल्या. वाटलं, पानी खारं बगून तुमी जाल. पैसं तरी वाचतील." ती पायऱ्या उतरून गोजरासमोर आली. "तू दाराशी का नाय आलीस, मनात काय धरलंस, ते मना आता कललं, बाय."

गोजराने पदर कमरेला खोचला.

"पैसं वाचलं, मावशी. पण माझी थोरली चार दिस इचारती, आई, आपुन तर त्या पाण्याला शिवलो बी नव्हतो, मग का नासवलं? म्या काय सांगू तिला?"

पोपट आत गेला आणि घडी घातलेली नोटीस आणून त्याने वामनच्या हातात दिली.

पुढचे दोन महिने जाईबाईने स्वतः खटपट केली. पेणच्या पुढं, संपादनाच्या हद्दीबाहेर, तिच्या माहेरच्या भावाकडे एक तुकडा होता. भाव तेवढाच, जमीन थोडी कमी. या वेळी रावसाहेब तीन दिवस दफ्तरात बसले आणि चारी बांध पायी फिरले. कमळाकर मोजणीची साखळी धरून मागे होता. खरेदीखत त्याने दोनदा टंकलं, एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. वामन त्याला म्हणाले, "आता पुरे, दादा." तरी त्याने तिसऱ्यांदा वाचलं.

खरेदी झाली त्या दिवशी जाईबाईने गोजराच्या तिन्ही मुलांना समोर बसवलं.

"इरीत मीठ मी टाकलं," ती म्हणाली. "तुमच्यामुलं नाय."

थोरलीने विचारलं, "मग कोणामुळं?"

जाईबाईने गोजराकडे पाहिलं. गोजराने नजर वळवली नाही, मदतही केली नाही.

"माज्यामुलं, बाय," जाईबाई म्हणाली. "खरं बोलाया मी भ्यायले, म्हनून."