बारीक मनगट

पोलादाला काळ शिवत नाही. हे माझं मत नव्हे, घड्याळासोबत येणाऱ्या पुस्तिकेतलं वाक्य आहे. त्याच पानावर तळाशी, दर काही वर्षांनी सर्व्हिसिंग करून घ्या, असंही आहे.

माझ्याकडे अशी भारी पोलादी स्पोर्ट्‌स घड्याळं कपाटभर आहेत. खोल समुद्रात चालणारी, शर्यतीच्या गाडीत चालणारी. मी स्वतः जिना चढताना मध्ये थांबतो. ती मी घालत नाही. घातलं की चरा पडतो, आणि चरा पडला की संग्राहकाच्या लेखी वस्तू गेली. पट्ट्यावरचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा मी काढत नाही. बायको म्हणायची, "माझ्यावरही एक प्लॅस्टिक चढवा, म्हणजे तुमचं लक्ष जाईल." आता ती दुसऱ्या शहरात असते आणि मजेत असते.

या घड्याळांना सेल नसतो. हाताच्या हालचालीने त्यांची किल्ली भरते. काढून ठेवलं की दोनेक दिवसांत बंद. म्हणून माझं कपाट शांत असतं. एका रविवारी सकाळी पुसायला उघडलं, तर निळ्या तबकडीच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता. वेळही बरोबर. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, म्हटलं. उचललं. मागची बाजू कोमट होती, नुकतंच कुणी हातातून काढल्यासारखी.

घड्याळवाल्याकडे नेलं. त्याने भिंगातून पाहिलं.

"पट्ट्याच्या दोन कड्या काढल्यात. कुणाच्या मापाने?"

"कुणाच्याच नाही. नवं आहे."

"मनगट बारीक दिसतंय. आणि हे चरे बघा, पट्ट्याच्या खटक्यावर. टेबलावर हात टेकून बसायची सवय आहे."

"अहो, प्लॅस्टिक तर अजून तसंच आहे!"

"हो," तो म्हणाला. "चरे त्याच्या खाली आहेत." आणि त्याने घड्याळ जरा घाईनेच परत दिलं.

घरी येऊन जेवायच्या टेबलाची समोरची कड पाहिली. तिथे कित्येक वर्षांत कुणी बसलेलं नाही. पॉलिशवर बारीक, ताज्या रेघा होत्या.

घाबरायला हवं होतं. मी समोरची खुर्ची पुसली.

त्यानंतर जेवताना मी ऑफिसातल्या गोष्टी मोठ्याने सांगू लागलो. साहेबाची नक्कल केली, की समोर पोलाद लाकडावर हलकेच घासल्याचा आवाज यायचा. माझ्या विनोदांना याहून बरी दाद कधी मिळालेली नव्हती. मग कपाट उघडायचं, त्या कोमट पाठीवर बोट ठेवायचं आणि नुसतं उभं राहायचं. धाकट्या बहिणीच्याही लक्षात आलं.

"दादा, आवाज कसा खुललाय तुझा! कुणी आहे का?"

"आहे."

"अगंबाई! कशी आहे दिसायला?"

"मनगट बारीक आहे."

"आणि बाकीची?"

"बाकीचं पुढे बघू."

पण चरे वाढत होते. मी दुर्लक्ष केलं, खरंच केलं. रात्री अंथरुणात मात्र ते डोळ्यांपुढे यायचे. संग्राहकाला हे किती दिवस सोसणार? शेवटी घड्याळ पॉलिशला दिलं. प्लॅस्टिक काढावं लागलं, त्याला इलाज नव्हता. घड्याळाच्या डब्यात सापडलेल्या दोन्ही कड्याही परत बसवून घेतल्या. आरशासारखं लखलखीत होऊन आलं.

त्या संध्याकाळी मी साहेबाची नक्कल केली.

पुन्हा केली.

समोर लाकूड होतं आणि खुर्ची होती.

घड्याळ थांबलं. पाठ गार पडली.

काही दिवस वाट पाहिली. टेबलावर उघडं ठेवून पाहिलं, कड्या पुन्हा काढून पाहिल्या, बायकोलाही कधी म्हटलं नव्हतं अशा शब्दांत माफी मागून पाहिली. मग कड्या लावल्या आणि ते मीच घातलं. हात हलवत बाजारात फिरलो, न थांबता जिना चढलो. काटा जागचा हलला नाही.

घड्याळवाल्याने ते आपल्या मनगटावर चढवलं, हात झटकला. सेकंदकाटा ऐटीत चालू लागला. त्याने ते काढून माझ्या हातात घातलं.

काटा थांबला.

त्याने ते पुन्हा आपल्या हातात घातलं, कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं.

"घड्याळात काही बिघाड नाही," तो म्हणाला.