परतीचा आवाज

आमच्या केंद्रात उपग्रह हाताने शोधायचा तर दोन माणसं लागतात. एकाने अँटेनाचं चाक फिरवायचं, दुसऱ्याने हेडफोन लावून ऐकायचं. मी फिरवायचो, बायको ऐकायची. छातीच्या दुखण्यातून ती उठली नाही. तेव्हापासून दोन्ही कामं मीच करतो. तिची खुर्ची मात्र कुणाला हलवू दिली नाही.

लष्कराचा तो उपग्रह जुना. इंधन संपलेलं, त्यामुळे जागेवर ठरायचा नाही. त्या दुपारी तो निसटला, आणि नेमकी तेव्हाच गस्तीची तुकडी डोंगरातल्या एका घळीत उतरायला निघाली होती. घळीवरचा बर्फ सुटायला लागल्याचं दुसऱ्या उपग्रहाच्या फोटोत दिसत होतं. पण तुकडीकडचा वायरलेस सेट या जुन्यावरच चालायचा. त्यांना कळवायचा दुसरा मार्ग नव्हता.

"काका, सोडा आता," साहेब म्हणाले. वयाने माझ्या मुलाएवढे. "कॉम्प्युटरलासुद्धा सापडत नाहीये."

"तो कंटाळला असेल. मी नाही."

मी चाक जरा जरा फिरवत माइकमध्ये बोलत राहिलो. एक, दोन, तीन. उपग्रह सापडला की आपलाच आवाज क्षणभराने वरून परत येतो. येत होती नुसती खरखर.

मग त्या खरखरीत कुणीतरी खोकलं.

कोरडा, आवरून धरलेला खोकला. शेवटी बारीक शीळ. आमच्या घरात तो मी कितीतरी महिने ऐकला होता.

"साहेब, ऐकलंत?"

त्यांनी दुसरा हेडफोन कानाला लावला. "खरखर आहे, काका. तुम्ही जेवलात का सकाळपासून?"

चाक डावीकडे नेलं, खोकला लांब गेला. उजवीकडे आणलं, जवळ आला. तिच्या आजारपणात देवाकडे एकच मागत होतो, हा थांबू दे. आज मनात म्हटलं, थांबू नकोस गं.

खोकला अगदी कानाशी आला.

"तीन," वरून माझा आवाज परतला.

साहेबांनी माइक ओढला. "मागे फिरा. घळीत उतरू नका. मागे फिरा."

साहेब तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

मग स्पीकरवर तुकडीचा नायक धापा टाकत बोलला. "फिरलो, साहेब. सगळे वर आहोत. खाली घळ भरून गेली."

साहेबांनी डोळे मिटले.

"आणि साहेब, तुमच्या शेजारच्या बाईंना जरा पाणी द्या. मघापासून खोकतायत."

साहेब उठले, ग्लासभर पाणी आणलं, आणि खुर्चीला धक्का न लावता, बेताने वाकून, तिच्यासमोर ठेवलं.