वजाबाकीत उरलेला हात

बसा ना सिस्टर, चार वाजायला अजून अवकाश आहे. खाली ज्या टेबलावर मला नेणार आहेत, त्याच्यासमोरच्या काचेमागे बसून मी एकोणीस वर्षं एक्स-रेचे फोटो काढले. त्या खोलीला खिडकी नाही. दिवस काय नि रात्र काय, आत तोच गारठा आणि तोच स्पिरिटचा वास.

मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येतो, तो फुटतो. डॉक्टर मांडीतून बारीक नळी घालून थेट तिथवर पोचतात आणि फुग्यात तारेची वेटोळी भरून तो बुजवतात. वाट दाखवणारे फोटो माझे. आधी एक साधा, मग रक्तात औषध सोडून दुसरा. मशीन दुसऱ्यातून पहिला वजा करतं. कवटी जाते, दात जातात. मधल्या वेळात जे नव्यानं आलं, तेवढंच उरतं.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. सोबत एक शेजारीण, तीही पोचवून निघून गेलेली. फोटोच्या वेळी आम्ही सगळे काचेमागे आलो. पडद्यावर एक हात उमटला. नुसत्या हाडांचा, कपाळावर अलगद टेकलेला.

"आत कोण राहिलंय?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"कुणी नाही..."

"मग मशीन म्हातारं झालं तुझ्यासारखं. पुन्हा घे."

पुन्हा घेतला. हात नव्हता. पण मी करंगळी पाहिली होती, दारात सापडून वाकडी जुळलेली. माझ्या बायकोची.

आता खरं सांगतो. तिच्या शेवटच्या सकाळी ती म्हणाली होती, "अहो, डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं." रोज हीच डोकी बघणारा मी! पण ड्यूटीला उशीर होत होता. म्हटलं, गोळी घे, पड जरा. तिच्या तळहातावर गोळी ठेवली आणि निघालो. संध्याकाळी आलो तर... गोळी मुठीत तशीच होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बाईंनंतर तो हात आणखी चौघांच्या कपाळावर दिसला. ज्यांचं कुणी नव्हतं, अशांच्याच. सगळे चालत घरी गेले. मला बरं वाटायचं आणि हेवाही वाटायचा. माझ्याकडे ती कधी आली नाही. घरी एकट्यापुरता भात लावताना मी मुद्दाम दाराकडे पाठ करून उभा राहायचो.

काल जिना चढताना माझ्याच डोक्यात घण बसला. लगेच ओळखलं. खोटं कशाला बोलू, भीतीच्या आधी आशा वाटली. माझं तरी कोण आहे आता?

सकाळी फोटोसाठी टेबलावर घेतलं, दोन्ही हात पट्ट्यांनी बांधले. "काका, हलू नका हं," माझ्या जागेवरची मुलगी म्हणाली. औषधाची ऊब डोळ्यांमागे पसरली. मी कपाळावरच्या बोटांची वाट बघत राहिलो. काहीच नाही.

मग ती मुलगी काचेमागून आत आली. "काका, हात मध्ये का आणलात?"

"तूच बांधलेस ना..."

तिनं पट्ट्या चाचपल्या. मी पडद्याकडे पाहिलं. हात होता, करंगळी वाकडी. पण कपाळावर नव्हता. माझ्या तोंडासमोर उताणा धरलेला, आणि तळहातावर एक गोल ठिपका.

सिस्टर, सकाळपासून माझं खाणंपिणं बंद आहे, पाणीसुद्धा नाही. तुमचाच हुकूम. मग उशाशी ही गोळी कुणी ठेवली?