मल्लम्माचं मौन

"अव्वा, तुझ्या तोंडापायी एक दिवस दानम्मा मरंल बघ!"

पोटच्या पोराने, गुरुलिंगाने, भर ओसरीत हे ऐकवलं आणि मल्लम्माची डोक्यावरची घागर उतरवायचीही राहिली... टँकरमागे धावून आणलेलं पाणी! लातूर नवा जिल्हा झाला, पण दुष्काळात निलंग्याच्या नळाला थेंब नव्हता. त्यात सून दानम्मा ऐन पंचविशीत आजारी. रक्तदाब दोनशेच्या खाली येईना, गोळ्यांवर गोळ्या झाल्या, आणि दोष कुणाचा? सासूच्या जिभेचा! गावातले डॉक्टर म्हणाले, "हिला टेन्शन देऊ नका," आणि सगळ्या घराने मल्लम्माकडे पाहिलं. हो, बोलत होती ती! उघड्या राहिलेल्या रांजणावर बोलायचं नाही, तर काय आरती ओवाळायची?

पण अंतःकरणात त्या पोरीविषयी माया होतीच... तिच्यासाठीच मल्लम्माने घर सोडलं आणि मठ गाठला. सून बरी होईपर्यंत मौन! कपाळी विभूती लावून तिने स्वामींसमोर व्रत घेतलं आणि दासोहाच्या, मठातल्या अन्नदानाच्या, चुलीपुढे मुकाट्याने भाकरी थापू लागली. बायका कुजबुजायच्या, "आता उतरंल दानम्माचं प्रेशर." कुठलं उतरतंय! उलट चढलं. मल्लम्माचा असा संताप व्हायचा की हातातली भाकरी फाटायची. पण ओरडणार कशी?

शेवटी लातूरच्या एका डॉक्टरांनी दानम्माच्या पोटाला नळी लावून ऐकलं. ठोक्यागणिक सूं-सूं आवाज! "सासूचा काय संबंध?" ते गुरुलिंगावर खेकसले. "मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद झालीय. रक्त कमी पोचतं, म्हणून मूत्रपिंडच दाब चढवतंय." हैदराबादला औषध टोचून रक्तवाहिनीचा फोटो काढला, खात्री झाली. मग जांघेतून बारीक नळी आत नेऊन, तिच्या टोकाचा फुगा फुगवून ती अरुंद जागा रुंद केली. दाब उतरला...

गुरुलिंग मठात आला तो मान खाली घालूनच. "अव्वा, माझं चुकलं..." मल्लम्माने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मागून दानम्मा आली, अजून अशक्त, भिंतीला धरत धरत.

"अव्वा, मी बरी हाय. आता तरी बोला की! तुमच्याबिगर घर खायला उठतंय. लई शिव्या द्या मला, पर घरी चला!"

मल्लम्माने शिवी द्यायलाच तोंड उघडलं... आणि हुंदका फुटला! सुनेला उराशी धरून ती पोटभर रडली. मग पदराने डोळे पुसत लेकाकडे वळली.

"डॉक्टरानं सांगंपर्यंत आईवर भरवसा न्हवता व्हय रे तुला?"