चित्र तुमचं, आवाज आमचा

"आवाज जरा मोठा करा ना!"

मी दचकलो. तोवर मला सगळ्यांनी आवाज कमी करायलाच सांगितलं होतं. रेडिओचा. माझा तर मुळातच नव्हता.

घाटकोपरला पंतनगरमध्ये आमची बिल्डिंग. वर मामांच्या रिकाम्या खोलीत मी एकटा राहायचो. तिथे स्टेशन नीट लागायचं नाही, म्हणून मधल्या जिन्याच्या खिडकीशी ट्रान्झिस्टर कानाला लावून मी उभा होतो. आणि पहिल्या मजल्यावरच्या दारात एक मुलगी उभी होती. हातात लाटणं, गालावर थोडं पीठ.

"मोठा?" मी विचारलं.

"हो, मोठा. आमच्या टीव्हीत चित्र आहे, आवाज नाही. गावसकर मार्शलला हूक मारतोय आणि बाबांना नुसता मुका फटका दिसतोय. जीव चाललाय त्यांचा." मग तिनेच दार पूर्ण उघडलं. "त्यापेक्षा आतच या ना. चित्र आमचं, आवाज तुमचा."

त्र्याऐंशी सालचा ऑक्टोबर होता. दिल्लीची कसोटी. मी चपला काढून आत गेलो, आणि खरं सांगायचं तर पुरता बाहेर कधी आलोच नाही.

तिचं नाव अनुपमा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलायला तिला काहीच वाटत नसे. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, त्यामुळे ओळखीच्याही माणसाशी बोलायची मला सवय नव्हती. तिचे वडील दत्तारामकाका मूळचे मालवणकडचे. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. मग विक्रोळीच्या एका कंपनीच्या गोदामात लागले होते. आई गावाला, आंब्याकाजूचं बघायला. टीव्ही दुरुस्त करायला माणूस दोनदा येऊन गेला होता, पण आवाज पाहुण्यासारखा दोन दिवस राहायचा आणि निघून जायचा.

खिडकीजवळच्या स्टुलावर मला बसवलं. ट्रान्झिस्टर डाव्या हातात, जरा तिरका धरला की खरखर थांबायची. त्या दिवशी गावसकरने शतक केलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच केलं होतं.

"आता तुझी जागा हीच," ते म्हणाले. "मॅच चालू आसली की थंयच बसायचा. हलूचा नाय."

त्यांच्या घरात हा नियमच होता. जोडी जमली की जो जिथे असेल तिथे. अनुपमा कणीक मळत असेल तर मळतच राहायची. एकदा खालच्या लताबाई साखर मागायला आल्या आणि लंचपर्यंत उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, वाटी हातात धरून.

नाताळच्या सुट्टीत मद्रासची कसोटी आली. दोन गडी शून्यावर गेले आणि गावसकर आला. मग तासन् तास... डावा हात बधिर झाला, पण ट्रान्झिस्टर खाली ठेवायची सोय नव्हती. उजव्या हाताने एरियल धरलेली. अनुपमा चहा घेऊन आली. तिने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग काकांकडे. त्यांचे डोळे पडद्यावर खिळलेले.

तिने चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी माझ्या ओठांशी धरली.

"प्या."

"अहो, पण..."

"हलू नका. विकेट गेली तर तुम्हीच जबाबदार."

मी प्यालो. तिच्या बांगड्या बशीच्या कडेला लागून किणकिणत होत्या. आलं जास्त पडलं होतं. गावसकरचं तिसावं शतक झालं, ब्रॅडमन मागे पडला, काका देवाला हात जोडायला उठले. आणि मला मात्र त्या शतकाचा एकही फटका आठवत नाही.

माझा खरा जीव विश्वनाथवर. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याला संघातून काढलं होतं, आणि माझं सुतक काही फिटत नव्हतं. अनुपमा त्यावरून मला छळायची.

"सोडा ना आता त्या विशीला. किती दिवस रडणार?"

"तुम्ही त्याचा स्क्वेअर कट पाहिला नाहीत."

"पाहिला हो. झकास मारायचा. आणि पुढच्या बॉलवर आऊट! त्यापेक्षा आमचा गावसकर बरा. बाहेरचा बॉल सोडून द्यायचा. टिकायचं. घर चालवायचं तर असाच माणूस लागतो."

"वानखेडेवर त्याने अंपायरने आऊट दिलेल्या माणसाला परत बोलावलं होतं. स्वतः कॅप्टन असताना."

"आणि मॅच हरला."

"हरला. पण..."

"पण काय?" ती माझ्याकडे बघत राहिली. तीच मग हळू म्हणाली, "असा माणूस आवडतो रे... पण धास्ती वाटते. सगळं दुसऱ्याला देऊन टाकेल आणि स्वतः हात हलवत घरी येईल."

त्या 'रे'ने माझे कान तापले. तिच्या लक्षात आलं असावं. मी निघालो तर जिन्यात मागून हाक आली.

"आणि काय हो, तुमच्या विशीने लग्न शेवटी कुणाशी केलं? गावसकरच्याच बहिणीशी ना? बघा, म्हणजे त्यालाही घर कुठलं चांगलं ते कळत होतं!"

दार बंद झालं. तिच्या बोलण्याचा अर्थ मला वरच्या मजल्यावर पोचल्यावर लागला. तेव्हा परत खाली जायला हवं होतं. मी कुलूप उघडून आत गेलो आणि पुस्तक उघडून बसलो.

अशी तीन वर्षं गेली. काका कधी रंगात आले की मांकडच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या तरुणपणी मांकड म्हणजे देव. "मग तुम्ही गावसकरचे कसे झालात?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "माणूस जाता, दुसरो येता. दुसऱ्याकय टाळी वाजवची. पण आपलो तो आपलो." तेव्हा ते मला म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं होतं. आता मी त्यांच्या वयाच्या पुढे आलो. नातवंडं ज्यांची नावं घेतात त्यांच्या फटक्यांना मीही टाळी वाजवतो, मनापासून वाजवतो. पण डोळे मिटले की अजून विशीचंच मनगट दिसतं.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत काकांनी रंगीत टीव्ही आणला. चांगला खणखणीत आवाज. साऱ्या बिल्डिंगने येऊन पाहिला. मीही पाहिला, छान आहे म्हटलं आणि वर आलो. आता मला खाली जायचं कारण काय राहिलं होतं?

बंगलोरची कसोटी आली. पाकिस्तानविरुद्ध. खेळपट्टीवर चेंडू भोवऱ्यासारखा फिरत होता, गडी जात होते, एका टोकाला गावसकर. मी रजा काढून वर एकटाच ट्रान्झिस्टर घेऊन बसलो होतो. दारावर थाप पडली.

अनुपमा. चेहरा लाल.

"बाबा बोलावतायत. तू नाहीस म्हणून विकेटी पडतायत म्हणे."

"आता आवाज आहे ना तुमच्याकडे..."

"आवाजासाठी बोलावत होतो आम्ही तुला? तीन वर्षं?" तिचे डोळे भरून आले. मग तिने एका दमात सांगून टाकलं, "गोरेगावचं स्थळ आलंय. त्यांनी होकार दिलाय. बाबा म्हणाले, आमचं उत्तर मॅच संपल्यावर कळवतो. बस. मला एवढंच सांगायचं होतं."

आणि ती धाडधाड जिना उतरून गेली.

मी खाली जाऊन स्टुलावर बसलो. हात रिकामे होते, ते कुठे ठेवावेत कळेना. पडद्यावर गावसकर वाकून उभा. ऐंशी... नव्वद... एकेक चेंडू असा उडत होता की काका श्वास घ्यायचे नाहीत. ही त्याची शेवटची कसोटी, हे तेव्हा कुणाला ठाऊक? मला एवढंच कळत होतं, की तो खेळतोय तोवर मला वेळ आहे. आणि हेही, की त्याच्या आडोशाला मी जन्मभर असाच बसून राहीन.

शहाण्णव झाले. अनुपमा स्वयंपाकघराच्या दारात, माझ्याकडे पाठ करून.

मी उठलो.

"काका, मला..."

चेंडू उसळला, काठाला लागला, स्लिपमध्ये झेल. गावसकर मान खाली घालून निघाला.

काका सावकाश माझ्याकडे वळले. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

"मेल्या... उठलंस कित्याक?"

"अनुपमाला मागणी घालायला."

नवा टीव्ही तेवढा बडबडत होता. काकांनी उठून त्याचा आवाज बंद केला.

"चार रन थांबाक जमला नाय तुका?"

"तीन वर्षं थांबलो होतो, काका."

"तिका इचारलंस?"

"...नाही."

"मग विचार की!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. ती अजून पाठमोरीच होती, पण खांदे हलत होते. हसत होती की रडत, कळेना.

"अनुपमा..." मी एक पाऊल पुढे झालो. "गोरेगावला जाऊ नकोस. म्हणजे... माझ्याशी लग्न करशील? मला टिकून खेळता येईल की नाही माहीत नाही. पण मी तुला... मला तू फार आवडतेस."

ती वळली. पदराने नाक पुसलं.

"मॅच चालू आहे. संपली की सांगते."

"अगो..." काका म्हणाले.

"काय अगो? गोरेगाववाले थांबलेत ना? मग हाही थांबेल."

थांबलो. बिन्नी लढत होता. एक षटकार गेला, काका अर्धे उठले. जिंकायला हव्या असलेल्या चाळीसेक धावांतल्या निम्म्याहून जास्त निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मला भारत जिंकतोय की हरतोय याचं काही वाटत नव्हतं. फक्त संपावं. आणि संपूही नये.

सोळा धावांनी हरलो.

बिल्डिंगभर शांतता. काकांनी टीव्ही बंद केला, डोळे पुसले, सदरा चढवला.

"नाक्यावर जातंय. गोरेगावाक फोन करूक व्हयो." दारात ते अडखळले. आधी लेकीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "काय सांगू त्यांका? आणि... पेढे आणूचे तर आज आणू कसे? पाकिस्तान जिंकल्यार पेढे वाटले तर बिल्डिंगवाले माका मारतले."

अनुपमाने माझ्याकडे पाहिलं. गालावर पाणी, आणि त्यातच हसू.

"मग उद्या आणा, बाबा."