गार काचेचा गोळा

दिवा बारीक करा रे. आणि ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं.

आपल्या लाइप्झिगमध्ये बाल्थासार क्वांट नावाचा एक होता. जत्रांतून विजेचे खेळ करायचा आणि स्वतःला विद्वान म्हणवून घ्यायचा. हा चाक फिरवून काचेचा पोकळ गोळा गरगरवायचा, बायको त्यावर कोरडा तळहात धरायची, की ठिणग्या उडायच्या. टाळ्या मात्र ह्याला. मी कातारी; त्याचं लाकडी चाक मीच कातून दिलं होतं. पैसे मोजताना नाक असं वर, जसं काही मलाच भीक घालतोय.

बायको रोझिना. थंडीत गोळा आधी शेगडीपाशी उबवायचा आणि मगच फिरवायचा, नाहीतर तो फुटतो. हे ती कधी विसरली नाही. एकदा लोक ताटकळले होते. ती म्हणाली, "अहो, काच गार आहे. जरा थांबा ना."

"चारचौघांत अक्कल पाजळू नकोस. हात धर."

तिने धरला. गोळा फुटला आणि काच तिच्या गळ्यात घुसली. तिला पुरून आला, आणि हा बाबा सांगत सुटला, "बाईचं लक्ष नव्हतं हो!" थू त्याच्यावर.

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, तो नवा गोळा आणायला काचवाल्याकडे गेला. त्याच रात्री एका उमरावीणबाईंच्या हवेलीत खेळ होता. जमला तर तिथेच कायमची नोकरी, फसला तर पुन्हा जत्रेचा चिखल.

"थंडी कडाक्याची आहे, मालक," काचवाला म्हणाला. "ऊब दिल्याशिवाय फिरवू नका."

"तू आपला फुंकत बस."

हाताच्या जागी आता त्याने चामड्याची उशी बसवली होती. "उशी उलट बोलत नाही," असं तो भेटेल त्याला ऐकवायचा.

हवेलीत पोचायला उशीर झाला. उमरावीणबाई जांभई देत म्हणाल्या, "क्वांट, पाहुणे झोपतील हो आमचे." त्याने गोळा तसाच गारठलेला चढवला. ठिणगी दिसावी म्हणून मेणबत्त्या विझवल्या.

चाक फिरलं. गोळ्यात निळसर उजेड पसरला. बाई "अगंबाई!" म्हणाल्या. क्वांट मनात म्हणाला, लागली नोकरी.

मग कानाशी, अगदी हळू...

"अहो... काच गार आहे."

तो थांबला नाही. दातओठ खाऊन फिरवत राहिला. चाक जड झालं. आणखी जड. गोळा कुणीतरी धरला होता.

निळ्या उजेडात... उशीच्या वर... एक हात.

"कोण?"

...

चाक थांबलं. उजेड गेला.

मेणबत्त्या आणल्या तेव्हा विद्वान टेबलाखाली होता. "मीच तिला हात धरायला लावला," म्हणून लहान पोरासारखा रडत होता. पाहुणे खो खो हसले. उमरावीणबाई म्हणाल्या, "हे ध्यान बाहेर काढा." नोकरी गेली, अब्रू गेली. मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही.

सकाळी चाक उतरवायला मलाच बोलावलं. दालनातली शेगडी रात्रीच विझलेली. खिडक्यांवर बर्फ. गोळ्यावरही पांढरं दहिवर गोठलेलं, सगळीकडे...

एवढी जागा सोडून. तळहाताएवढी. पाचही बोटं स्पष्ट.

मी तिथे हात ठेवला.

काच उबदार होती.