कमानीचे चार बोल्ट

डिसेंबरातला मंगळवार होता आणि बाबा ट्रॅक्टरवर ओरडत होते.

"ही कमान माझो मोहोर मोडता! ही फांदी बघ, ओमकार!"

कमान म्हणजे सीटच्या मागची लोखंडी चौकट. ट्रॅक्टर उलटला तर चालवणारा खाली सापडू नये म्हणून असते ती. आमच्या काजूच्या फांद्या कमरेपासून सुरू होतात. बागेतलं गवत मारायचं तर ती कमान प्रत्येक फांदीत अडकत होती.

"काढतंय, काकानू," आमच्या ट्रॅक्टरच्या मेकॅनिकने, ओमकारने, पाना हातात घेतला. "पण गवत झाला काय माका फोन करा. कमान बसवल्याशिवाय मळ्यात उतरूचा नाय."

"माका शिकवतंस?"

"तुमका कोण शिकवतलो? तुमचा चेडू शिकवूक गेला नाय अजून, मी खंयचो!"

चेडू म्हणजे मी, नम्रता. मी पडवीत चहा घेऊन उभी होते.

"नाव कोणी ठेवलं हो तुमचं?" कप घेताना तो हळूच म्हणाला. "नम्रता म्हणे!"

माझ्याशी तो असा शुद्ध बोलायचा. ऑगस्टात तळेऱ्याच्या नाक्यावर हाच ट्रॅक्टर लॉरीतून उतरवताना माझी स्कूटर नेमकी मागे उभी होती. "कोणाची गो ही गाडी?" असं तो ओरडला. "माझी. आणि रस्ता सगळ्यांचा," मी म्हटलं. तेव्हापासून त्याची भाषा एकदम कचेरीत गेल्यासारखी झाली, ती तशीच राहिली. ट्रॅक्टर आमच्याच घरी येणार आहे हे त्या दिवशी दोघांनाही माहीत नव्हतं. बाबांनी मला न सांगता घेतला होता.

पुढे आमची ओळख अवजारांनी वाढवली. रोटाव्हेटर जोडायला तो आला, मग चिखलात चालायची लोखंडी चाकं बसवायला, मग ट्रॉलीचा हुक बदलायला. हुक बदलायची काही गरज नव्हती. ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही... बाबांना ठाऊक होतं की नाही, ते आता विचारता येत नाही.

त्या संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला. मी देवगडला ग्रंथालयात होते, कपाटांना कुलपं लावत.

"काकांचं गवत झालं. मी तुमच्याच वाटेवर आहे, कमान गाडीतच आहे. चार बोल्ट आवळून पुढे जातो. चालेल ना, मॅडम?"

मला घरी पोचायला साडेसात झाले असते. तोवर तो येऊन गेला असता. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती.

"आज नको," मी म्हटलं. "उद्या ये."

"उद्या काय खास?"

"घावणे."

"फक्त घावणे?"

"...आणि मी असेन घरी."

तो हसला. "मग उद्या. बरोबर आठला. काकांना सांगा, तोवर मळ्यात उतरू नका."

मी सांगितलं. बाबा जेवता जेवता "हो हो" म्हणाले.

पाटाचं पाणी आमच्याकडे पाळीने येतं. आमची पाळी गुरुवारची. पण बुधवारी सकाळीच वरच्या वाडीतल्या शिवाने निरोप धाडला, माका आज पाणी नको, तुमी घेवा. वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताची चिखलणी करायची होती, आणि पाणी दारातून वाहत जाताना बाबा आठ वाजायची वाट बघणारे नव्हते. मी घावण्यांचं पीठ घोळत होते. मळ्यातून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मेरेपाशी, म्हणजे बांधाजवळ, तो आवाज एकदम चढला, आणि थांबला.

मेरेवर चढायचं तर ट्रॅक्टर उलटा, मागे घेत चढवावा. हे ओमकारने बाबांना दहादा दाखवलं होतं. बाबा सरळ गेले. पुढची चाकं वर उचलली गेली, आणि त्यांच्या पाठीशी कमान नव्हती.

ओमकार बरोबर आठला आला. हातात पाना होता.

लोकांना वाटतं, दुःख झालं की माणूस रडतं. मी चार महिने नुसती चिडलेली आहे. बाबांवर चिडले. सांगितलं होतं ना तुम्हाला! शिवाच्या निरोपावर चिडले. "सुटले बिचारे" म्हणणाऱ्या बायकांवर चिडले, कशातून सुटले? आणि सगळ्यात जास्त चिडले ती ओमकारवर.

कारण बाराव्याच्या दिवशी सुदेशकाका, बाबांचे धाकटे भाऊ, घरासमोरच्या भरल्या खळ्यात म्हणाले, "त्या पोरान कमान काढल्यान. त्येनाच मारल्यान माझ्या भावाक." ओमकार समोर उभा होता. तो एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. त्याचं मौन मला झाकत होतं, आणि मी झाकून घेत होते.

मग त्याला कामाला बोलावणं लोकांनी सोडलं. आईने त्याचं नाव घेणं सोडलं. मी त्याचे फोन उचलणं सोडलं.

आज एप्रिलचा रविवार. सुदेशकाकांनी ट्रॅक्टरला गिऱ्हाईक बघितलंय, मिठबावचं. त्याला कमानीसकट हवा. कमान ओमकारच्या वर्कशॉपमध्ये पडून होती, म्हणून तो ती घेऊन आला. मांगराच्या छपराखाली वाकून तो बोल्ट आवळत होता. मी तिथे गेले.

"चहा?"

"नको, मॅडम."

"मॅडम म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणायची वेळच येत नाही." त्याने वर बघितलं नाही. "परवा गोव्याला चाललो. काम मिळालंय."

"पळून?"

आता त्याने पाना खाली ठेवला. "इथे कोण बोलवतंय मला?"

"तू का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. "त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही म्हणालास, की तू येत होतास?"

"तुमच्या घरातलं एक माणूस गेलं होतं. दुसरं मी कशाला घालवू?"

"तुला मोठेपणा करायला कोणी सांगितलं होतं? चार महिने मी आईच्या तोंडाकडे बघू शकत नाहीये, आणि तू... तू थोर!"

"थोर नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. हाताला ग्रीस, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत माझ्याइतकाच राग. "त्या रात्री मी फार खूश होतो. घरी असेन म्हणालात ना, म्हणून. ते वाक्य लोकांसमोर टाकायचं नव्हतं मला. त्यांनी ते घाण केलं असतं. तेवढं एकच होतं माझ्याकडे."

मला त्याला मारावंसं वाटलं. मी त्याची बाही घट्ट धरली, आणि सोडेना.

"काय चल्लाहा थंय?" पडवीतून काका ओरडले. त्यांच्या मागे आई उभी होती. "रे, काम झाला ना? मग चलाक लाग. ह्या घरात परत पाय ठेवशीत तर बघ!"

ओमकार पाने गोळा करायला वाकला. मी त्याची बाही ओढत त्याला तसाच पडवीसमोर घेऊन गेले. तो "नको, नम्रता" म्हणत होता. पहिल्यांदाच नावाने.

आई माझ्या हाताकडे बघत होती. ओमकारशी मी कायम पुस्तकी बोलत आले. हे त्या भाषेत तोंडातून निघेना.

"आये," मी म्हटलं, "तो त्याच सांजेक येतलो होतो कमान बसवूक. मीच त्येका नको म्हटलंय, उद्या ये म्हणान. तो येतलो तेवा माका घराक रवाचा होता. कमान त्येना काढल्यान, पण परत बसवूक मी दिलंय नाय. कित्याक तर माका तो आवडता, आये. तेवाय आवडा होतो, आताय आवडता."